आधी आराखडा, मग पाना : जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराच्या पूर्वतयारीचा आढावा

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीत प्रामुख्याने मंदिरांच्या संदर्भात रुळलेला आहे आणि त्याच्याशी एक कटू अनुभवही जोडला गेला आहे. काळ्या पाषाणाच्या खांबांना तैलरंग फासला जातो, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या बसवल्या जातात आणि वास्तू नवी दिसू लागते, पण तिचे वय, तिच्यावरील हत्यारांच्या खुणा आणि तिचा इतिहास त्या रंगाखाली गाडला जातो. जुन्या मोटारींच्या बाबतीतही हेच घडते. फरक एवढाच, की मोटार हे चालते यंत्र असल्यामुळे तिच्या जीर्णोद्धारात रूपाबरोबरच सुरक्षितता, कायदा, इंधन आणि सुट्या भागांची उपलब्धता हे प्रश्नही गुंतलेले असतात. हे सर्व प्रश्न गाडी खोलण्यापूर्वी सोडवावे लागतात, कारण खोललेल्या गाडीसमोर उभे राहून घेतलेले निर्णय बहुधा घाईचे आणि न परतवता येणारे असतात. बेंगळुरूच्या राजाजीनगर परिसराची पार्श्वभूमी आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० ही गाडी यांच्या आधारे या पूर्वतयारीच्या सर्व अंगांचा विचार येथे केला आहे.

'जुनी' म्हणजे किती जुनी?

जुन्या मोटारींच्या वर्गवारीत एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणण्याचा प्रघात आहे. भारतातील क्लबांनी ही मर्यादा सामान्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत आणली असून त्यापुढील काही दशकांच्या गाड्यांना 'क्लासिक' म्हटले जाते. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या 'फिवा' या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या व्याख्येनुसार वाहन किमान ३० वर्षांचे असावे, ते इतिहासाशी प्रामाणिक अशा अवस्थेत जतन केलेले असावे आणि त्याचा वापर रोजच्या वाहतुकीसाठी होत नसावा. भारतीय कायद्याने मात्र ५० वर्षांची मर्यादा घातली आहे. नियोजनाच्या दृष्टीने या व्याख्यांचा अर्थ असा, की गाडी कोणत्या वर्गात मोडते यावर तिची नोंदणी, तिचा विमा आणि तिचा पुढचा वापर अवलंबून असतो. म्हणून मालकाने सर्वप्रथम गाडीच्या पहिल्या नोंदणीची तारीख कागदोपत्री निश्चित करणे आवश्यक ठरते.

राजाजीनगर : कारागिरीचा शेजार

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे राजाजीनगर हे बेंगळुरूच्या पश्चिमेकडील उपनगर असून निवासी वस्ती आणि औद्योगिक वसाहत यांचा मेळ हे त्याचे वैशिष्ट्य आहे. राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या सीमेवर आज जेथे ब्रिगेड गेटवेच्या उंच इमारती उभ्या आहेत, त्या जागेवर पूर्वी किर्लोस्कर इलेक्ट्रिक या १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना होता. किर्लोस्कर समूहाचे लेथ हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्करच्या कारखान्यात तयार होत, जलाहळ्ळीला १९५३ पासून एचएमटीची यंत्रे बनू लागली, आडुगोडीला १९५१ साली स्थापन झालेल्या आणि 'मायको' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मोटारींच्या स्पार्क प्लगांचे आणि डिझेल पंपांचे उत्पादन सुरू केले आणि पुढे वायव्येला पीण्याची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत वाढली. या उद्योगांमुळे बेंगळुरूत खराद, ग्राइंडिंग, दातेकाम आणि अचूक मोजमाप जाणणाऱ्या कारागिरांची परंपरा तयार झाली.

जुन्या गाडीच्या जीर्णोद्धाराला या परंपरेचा थेट उपयोग होतो. बाजारात न मिळणारी पितळी बुशिंग, किंगपिन किंवा ब्रेकच्या सिलिंडरची बाही नमुन्यावरून तयार करून घेणे येथे शक्य होते, तर चालू मॉडेलांचे आणि अनेक जुन्या गाड्यांचे सुटे भाग जे. सी. रोडच्या बाजारात शोधता येतात. तथापि, या परिसराची मर्यादाही तितकीच ठळक आहे. बेंगळुरूच्या जुन्या वसाहतींमधील घरांचे भूखंड पुष्कळदा ३० फूट रुंद आणि ४० फूट लांब असतात आणि खोललेली मोटार तिच्या मूळ आकाराच्या दुप्पट-तिप्पट जागा व्यापते. दारे, बोनेट, काचा, आसने आणि इंजिन यांना कोरडी, झाकलेली आणि क्रमवार मांडणी करता येईल अशी जागा मिळाल्याखेरीज गाडी खोलू नये, हा नियोजनाचा पहिला व्यवहारी नियम म्हणता येईल.

कायद्याने घातलेली चौकट

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेले, मूळ स्वरूपात जतन केलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात नोंदवता येते. अर्ज नमुना २० मध्ये परिवहन पोर्टलवर करावा लागतो आणि नोंदणी अधिकाऱ्याने ६० दिवसांत नमुना २३अ मधील प्रमाणपत्र देणे अपेक्षित असते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून पहिली नोंदणी १० वर्षे आणि त्यानंतरची प्रत्येक नोंदणी ५ वर्षे वैध राहते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनाला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, परंतु आधीच नोंदलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो, आणि हीच तरतूद अनेक कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे.

या नोंदणीबरोबर एक बंधनही येते. असे वाहन नियमित प्रवासासाठी किंवा व्यवसायासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज मोटारींची फेरी, तसेच इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते रस्त्यावर आणता येते. ज्या मालकाला दर रविवारी गाडीतून फिरण्याची इच्छा आहे, त्याने नेहमीच्याच नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करण्याचा मार्ग निवडणे योग्य. मात्र या मार्गाचा खर्च वाढत गेला आहे. खाजगी मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर नेण्यात आले. गाडीच्या वापराचा हेतू आधी ठरवला नाही तर जीर्णोद्धार पूर्ण झाल्यावर चुकीच्या वर्गात नोंदणी होण्याचा धोका राहतो.

सोलापूर, पुणे किंवा मुंबईतून घरातील जुनी गाडी बेंगळुरूला आणणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला त्या राज्याचा नवा क्रमांक घ्यावा लागतो. राजाजीनगरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाची 'केए ०२' ही मालिका मिळाली, की आजोबांच्या काळातील मूळ क्रमांक नेहमीच्या नोंदणीत टिकत नाही. त्याखेरीज कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. रंग किंवा इंजिन बदलायचे असल्यास त्याची नोंद करून घेणे आवश्यक असते. म्हणून ना-हरकत प्रमाणपत्र, वारसाच्या नावे हस्तांतर आणि चेसिस व इंजिन क्रमांकांची पडताळणी ही कामे रंगाच्या डब्याच्या कितीतरी आधी यावी लागतात. वारसांपैकी एकाच्या नावावर गाडी झालेली नसताना दुसऱ्याने तिच्यावर मोठा खर्च करणे हे घरातील तंट्याला आमंत्रण ठरते, हेही विसरता कामा नये.

गाडीची निवड आणि पाहणी

जीर्णोद्धारासाठी गाडी निवडताना तिच्या दुर्मीळपणाचे आकर्षण असते, परंतु नियोजनाच्या दृष्टीने दुर्मीळपणा ही अडचण असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५० च्या दशकापासून फियाट ११०० च्या विविध आवृत्त्या तयार झाल्या. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात फियाटचे नाव जाऊन तीच गाडी प्रीमियर नावाने, आणि पुढे 'पद्मिनी' म्हणून, शतक संपेपर्यंत बनत राहिली. ६८ मिमी व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिमी दट्ट्याची चाल आणि १,०८९ घनसेंमी क्षमता हे तिच्या इंजिनाचे मूळ गणित दशकानुदशके टिकून राहिल्यामुळे यंत्राचे सुटे भाग आजही तुलनेने सहज मिळतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने हा बाजार जिवंत ठेवला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्यानंतर मात्र या मागणीचा मोठा आधार संपला आहे. शिवाय इंजिनाचे भाग मिळाले तरी सुरुवातीच्या आवृत्त्यांच्या क्रोमपट्ट्या, दिव्यांच्या कडा, मीटर आणि मूळ सुकाणू-चक्र हे भाग शोधणे कठीण असते. गाडी घेताना इंजिन बंद असले तरी चालेल, पण बाह्य साज पूर्ण असावा, हा अनुभवी कारागिरांचा सल्ला याच कारणामुळे ग्राह्य ठरतो.

पाहणीत सर्वाधिक लक्ष पत्र्याकडे द्यावे लागते. फियाट ११०० ही 'मोनोकॉक' बांधणीची गाडी आहे. म्हणजे तिच्याखाली वेगळी चेसिस नसून तळ, दारांखालील पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळून एकच भार वाहणारा सांगाडा तयार होतो. अशा गाडीच्या दारांखालील पट्ट्या गंजल्या असतील तर तो रंगकामाचा प्रश्न राहत नाही, संपूर्ण गाडीच्या मजबुतीचा होतो. कोकणपट्टीत किंवा मुंबईत आयुष्य घालवलेल्या गाडीत खाऱ्या दमट हवेमुळे हा गंज आतून पसरलेला असण्याची शक्यता मोठी असते, तर सुमारे ९०० मीटर उंचीवरील, समुद्रापासून दूर असलेल्या बेंगळुरूत वाढलेल्या गाडीत ती कमी असते. पुट्टीच्या जाड थराखाली लपलेला गंज ओळखण्यासाठी लहान चुंबक पुरतो. पत्र्यावर तो घट्ट चिकटतो आणि पुट्टीवर सैल पडतो. इंजिन खोलण्यापूर्वी चारही सिलिंडरांचा दाब मोजणे, तेलाचा दाब पाहणे आणि इंजिन क्रमांकाच्या ठशाचे छायाचित्र घेणे या तीन गोष्टींमुळे पुढच्या खर्चाचा अंदाज पुष्कळसा पक्का होतो.

किती टिकवायचे, किती बदलायचे

या विषयातील सर्वांत मूलभूत प्रश्न हाच आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे तयार झालेल्या सनदेच्या धर्तीवर फिवाने २०१२ मध्ये ऐतिहासिक वाहनांसाठी तुरीनची सनद तयार केली. तिच्यात वाहन आहे त्या स्थितीत सांभाळणे, त्याची झीज थांबवण्यासाठी उपाय करणे आणि हरवलेले वा निकामी झालेले भाग पुन्हा उभे करणे या पायऱ्या वेगळ्या मानल्या आहेत, आणि जीर्णोद्धार ही शेवटची, सर्वाधिक हस्तक्षेपाची पायरी असल्यामुळे ती नियोजनपूर्वक व नोंदी ठेवूनच पार पाडावी असे सांगितले आहे. मूळ रंग फिका पण शाबूत असलेली गाडी पुन्हा पूर्ण रंगवणे हे या विचारानुसार नुकसान आहे, कारण मूळ रंग एकदाच लागतो.

दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात या विचाराची दोन बोलकी उदाहरणे आहेत. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार शाही दसऱ्याच्या मिरवणुकीत बाहेर काढली जाते; वर्षातून एकदा येणाऱ्या या मानामुळे ती चालती राहिली आहे. दुसरीकडे धर्मस्थळाच्या धर्माधिकाऱ्यांच्या संग्रहातून श्रीरंगपट्टणजवळ उभ्या राहिलेल्या 'पयण' या संग्रहालयात जुन्या मोटारी प्रेक्षकांसाठी मांडलेल्या आहेत. एका गाडीचे जतन वापरासाठी होते, दुसऱ्या गाड्यांचे दर्शनासाठी. आणि या हेतूनुसार ब्रेक, टायर, वायरिंग व रंग यांबाबतचे निर्णय बदलतात. मालकाने आपल्या गाडीचे स्थान या दोन टोकांमध्ये कोठे आहे हे एका वाक्यात लिहून काढावे आणि पुढचा प्रत्येक खर्च त्या वाक्यावर तपासून पाहावा. सुरक्षिततेला मात्र यात अपवाद असतो: ब्रेकचे होस, टायर आणि इंधनाच्या नळ्या यांचे जुनेपण जपण्यात कोणताही अर्थ नाही.

कामाचा क्रम आणि ऋतू

खोलताना प्रत्येक भागाचे छायाचित्र, प्रत्येक बोल्टाची वेगळी पिशवी आणि तिच्यावर जागेचे नाव ही शिस्त कंटाळवाणी वाटली तरी अनिवार्य आहे, कारण जोडणी सहसा खोलणाऱ्याच्या स्मरणशक्तीपेक्षा अधिक काळाने सुरू होते. त्यानंतर सांगाड्याचे काम येते. मोनोकॉक गाडीच्या दारांखालील पट्ट्या कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून आधार द्यावा लागतो. अन्यथा सांगाडा खचतो आणि दारे पुन्हा बसत नाहीत. जुना रंग काढण्यासाठी वाळूचा मारा केला तर बोनेट आणि छपराचा पातळ पत्रा वाकतो, म्हणून तो जाड भागांपुरता ठेवून बाकी ठिकाणी रासायनिक किंवा हाताने घासण्याची पद्धत वापरणे इष्ट असते. दारे, काचा आणि क्रोमपट्ट्या रंगाआधी एकदा बसवून पाहाव्यात, म्हणजे भोके आणि फटी जुळवण्यासाठी नव्या रंगावर कानस चालवण्याची वेळ येत नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि धुरे यांचे काम याच काळात समांतर चालू ठेवता येते.

बेंगळुरूचा पाऊस या क्रमाला ऋतूंची चौकट देतो. येथे पाऊस जूनपासून सुरू होऊन सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये सर्वाधिक पडतो, त्यामुळे उघडा पत्रा आणि अंतिम रंग ही कामे डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत बसवणे आणि इंजिन, वायरिंग, आसने ही आतली कामे पावसाळ्यात घेणे योग्य ठरते. उघडा पत्रा प्रायमरविना एक रात्रही दमट हवेत राहिला तर त्यावर गंजाचा पातळ थर धरतो आणि तो थर रंगाखाली जिवंत राहतो. पूर्वीच्या 'ड्युको' पद्धतीच्या रंगाऐवजी आता दोन घटक मिसळून लावण्याचे पॉलियुरेथेन रंग सर्रास वापरले जातात. त्यांच्यातील आयसोसायनेट श्वसनाला घातक असल्यामुळे हे काम घराच्या गच्चीवर किंवा गल्लीत करू नये. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी घासणे आणि हवेने झाडणे टाळावे. क्रोमच्या मुलाम्यातील रसायने पाणी आणि जमीन यांना अतिशय हानिकारक असल्याने हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्याकडेच सोपवणे हे मालकाचेही कर्तव्य आहे.

इंधनाचा नवा प्रश्न

जुन्या इंजिनांसमोर इंधनाने दोनदा अडचण उभी केली आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. शिशामुळे वाल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये संरक्षक थर राहत असे. ज्या इंजिनांत ही बैठक बिडाच्या हेडमध्येच कापलेली असते, उदाहरणार्थ ॲम्बॅसडरचे बीएमसी घराण्यातील १,४८९ घनसेंमीचे इंजिन, त्यांच्यात शिसे नसल्यास बैठक हळूहळू खचते. हेड खोललेलेच असताना कठीण धातूच्या कड्या बसवून घेणे हा यावरचा उपाय आहे. दुसरी अडचण ताजी आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरूतच झाला आणि आता ते देशभर पोचले आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाची गास्केटे यांना निकामी करते, हवेतील पाणी शोषून घेते आणि टाकीत गंज वाढवते. क्वचित चालणाऱ्या गाडीत हा परिणाम अधिक होतो, कारण तेच पेट्रोल महिनोन्महिने साठून राहते. म्हणून आजच्या आराखड्यात इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या, टाकीची आतून स्वच्छता आणि कार्बोरेटरच्या जेटची फेरजुळणी या बाबी सुरुवातीपासूनच धराव्या लागतात. उंचीवरील विरळ हवेत मुंबईसाठी जुळवलेला कार्बोरेटर अधिक पेट्रोल देतो, त्यामुळे ही जुळणी बेंगळुरूत पुन्हा करावीच लागते.

पैसा, वेळ आणि विमा

अर्धवट राहिलेल्या बहुतेक कामांचे कारण तांत्रिक नसते; पैसा आणि उत्साह एकाच वेळी संपणे हे असते. अंदाजपत्रकात पत्रा, इंजिन, रंग, क्रोम, आसने, वायरिंग, टायर, शासकीय शुल्के आणि जागेचे भाडे अशी स्वतंत्र सदरे असावीत आणि एकूण रकमेचा किमान चौथा हिस्सा लपलेल्या गंजासाठी राखून ठेवावा. कारागिराशी कामाच्या टप्प्यांनुसार, लेखी आणि छायाचित्रांसह व्यवहार ठरवला तर दोघांचेही हित साधते. गाडी खोललेली असतानाही चोरी आणि आगीचे धोके असतात, त्यामुळे विम्याचा विचार काम संपेपर्यंत लांबवू नये. साध्या विम्यात गाडीचे मूल्य वयानुसार घटत जाते. जुन्या गाडीसाठी 'मान्य मूल्य' पद्धतीचा, म्हणजे मूल्यांकनानंतर रक्कम आधीच निश्चित करणारा विमा मागावा, आणि त्यासाठी कामाच्या नोंदी व पावत्या हाच मुख्य पुरावा ठरतो.

निष्कर्ष

वरील सर्व अंगे एकत्र पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारा कायदा, हस्तक्षेप कमीत कमी असावा असे सांगणारी तुरीनची सनद, अनपेक्षित खर्चाने कोलमडणारे अंदाजपत्रक आणि दुर्मीळ होत चाललेले सुटे भाग हे चारही घटक एकाच दिशेने बोट दाखवतात: जे टिकले आहे ते टिकू द्यावे आणि जे बदलावे लागेल ते लिहून ठेवून बदलावे. मराठी घरांच्या अंगणांत आणि बंद शेडांत आजही अनेक फियाट, ॲम्बॅसडर आणि जीप ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांच्या वारसांनी पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणीपत्र शोधावे, चेसिस आणि इंजिन क्रमांक पडताळावेत, गाडीची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि घरातील ज्येष्ठांकडून तिचा इतिहास लिहून घ्यावा. एवढे काम एका रविवारी होते, त्यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि त्याच्याशिवाय सुरू केलेला जीर्णोद्धार पायाविना उभारलेल्या भिंतीसारखा असतो.